भिंतीला लावलेली चूल

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा सासू आमच्याकडे आली आणि सासरा भासऱ्याकडे गेला. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. त्याच्यासमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही आणि बोलायचं नाही. मला बोलायचं नसतंच, त्यामुळे ही रीत मला कधी जड गेली नाही.

वाटणीच्या दिवशी गावातले पंच अंगणात बसले होते. बैल झाले, नांगर झाला, भांडी झाली, धान ठेवायच्या कोठ्या झाल्या. मग एक पंच म्हणाला, "आता हे दोन रायले," आणि त्यानं हनुवटीनं सासू-सासऱ्याकडे दाखवलं. दोघं एकाच पोत्यावर बसली होती. "एकेक घ्या अन् मोकळे व्हा."

"आमी बुढ्याले घेतो," जेठानी म्हणाली. जेठानी म्हणजे भासऱ्याची बायको. "तो ढोरं चारते, दोऱ्या वळते."

"अन् बुढी काय करते?"

"ती बोलते."

सगळे हसले. सासूही हसली. सासरा बैलांकडे बघत होता, त्याचं इकडे लक्ष नव्हतं. आपण कोणत्या बाजूला गेलो हे त्याला कोणी सांगितलं नाही. मधली भिंत घालायला सुरुवात झाली आणि त्याची खाट उचलून पलीकडे नेली, तेव्हा त्याला कळलं.

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाच्या नावानं धानाची एक बांधी वेगळी ठेवतात. जो त्या माणसाला सांभाळेल त्यानं ती कसायची. सासऱ्याची बांधी तलावाच्या अगदी खाली, पाणी सगळ्यात आधी तिला मिळतं. सासूची बांधी वर टेकाडाला, मुरमाड. जेठानीनं दोरी वळणारा माणूस घेतला असं पंचांना वाटलं. तिनं बांधी घेतली होती.

आणखी एक गोष्ट पंचांनी ठरवून दिली. एका चुलीवर रांधलेलं दुसऱ्या घरात जाणार नाही. गेलं की भांडण होतं, म्हणून.

त्याच वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सासरा बांधावरून घसरला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणला तो खाटेवरच राहिला. ढोरं चारणं गेलं, बसता येईना म्हणून दोऱ्या वळणंही गेलं. जेठानी आमच्या दारात येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊजी, बुढ्याले तुमी घ्या, बुढीले आमाले द्या. तुमची चालते-फिरते तरी."

"बांधीसकट दे, घेतो," नवरा म्हणाला.

"बांधीत माहा रोवना झाला आहे."

"मंग बुढाही तुहाच आहे."

"मले काय मालूम, मोडकं निघन म्हनून?"

नवरा हसला आणि बैल सोडायला गेला. दोघांचंही बोलणं वाटणीच्या रीतीला धरून होतं. सासू दारातच उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

धान कापून झालं की दरेकसाच्या डोंगराकडून थंडी खाली उतरते. आमच्या रांधायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे सासऱ्याची खाट होती. भिंत घाईत घातलेली, कच्च्या विटांची. ती वरच्या कवेलूंपर्यंत, म्हणजे कौलांपर्यंत, पोचलेलीच नव्हती, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. दिवे लागायच्या वेळेला सासरा सुरू व्हायचा.

"अवो... थंडी लागून रायली वो."

सासूच्या डाव्या दंडावर एक लांब पांढरा डाग आहे. सासऱ्यानं एकदा भात करपला म्हणून चुलीतलं जळतं लाकूड काढून तिला मारलं होतं. त्याचा आवाज आला की ती त्या डागावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "भोग आता." पण असं म्हणताना हातातला घास ती परत ताटात ठेवायची, हे मी समोर बसून बघत होते.

एक दिवस तिनं आपलं घोंगडं काढलं आणि भासऱ्याच्या हाती पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला कुंपणातून दिसलं. जेठानीच्या बैलाच्या पाठीवर बांधलेलं होतं.

"घोंगडं बैलाले काऊन बांधलं वो?" सासूनं कुंपणाशी जाऊन विचारलं.

"बैल नांगर ओढते," जेठानी म्हणाली. तिचं माहेर गोंदिया शहरातलं, रागावली की हिंदीत जायची. "बुढा क्या करता है? घोंगडं वलं करून ठेवते नुसतं."

सासू घरात आली आणि चुलीसमोर बसली. आमची चूल तेव्हा जुनी होती. तोंड इतकं मोठं की अख्खा ओंडका आत जायचा, आणि जाळ भांड्याला लागण्याऐवजी बाहेर येऊन रांधणाऱ्या बाईच्या तोंडाला लागायचा. सरपणाचा भारा जळायचा तेव्हा भात व्हायचा. उरलेली सगळी ऊब धुराबरोबर कवेलूंतून निघून जायची.

"काय वो," सासू मला म्हणाली, "तुही माय ढाब्यावरच्या भट्ट्या लिंपे ना?"

हे ती मला लग्न झाल्यापासून ऐकवत आली होती. माझं माहेर सडक अर्जुनीजवळ, हमरस्त्याला लागून. आई ढाब्यांच्या भट्ट्या घालून द्यायची, मी माती तुडवायची. पाहुणे आले की सासू त्यांना सांगायची, भट्टीवालीची पोर केली, अंगाचा डिझेलचा वास अजून गेला नाही म्हणून. त्यामुळे मी नुसती मान हलवली.

"मंग चूल भिंतीले लाव. अशी लाव का भिंत तापली पाहिजे. पल्ल्याडपावतर."

"पंच काय म्हणतील, आत्याबाई?"

"रांधलेलं देऊन रायलो का आपुन? आपली भिंत आपुन तापवतो. पंचायले काय करा लागते?" मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मरन तर मरन. पन तिच्या हातानं नाई मरू देत मी त्याले."

मी तलावातली चिकण माती आणली आणि पडक्या वारुळाची माती आणली. वारुळाची माती जाळात तडकत नाही. त्यात धानाचा कोंडा आणि शेण घालून दोन दिवस मुरू दिली. तोवर भिंतीचं काम केलं. खुरप्यानं आमच्या बाजूनं विटा अर्ध्या जाडीपर्यंत कोरत गेले. सरळ वर नाही. आधी आडवी खाच, मग थोडी वर, मग परत उलटी आडवी, पलीकडे खाट होती तेवढ्या लांबीत. धूर सरळ वर गेला तर ऊब घेऊन पळतो. त्याला वळणं दिली की तो जाता जाता भिंतीला ऊब देत जातो. ही युक्ती आईची. ढाब्यावर ती अशीच भट्टीचा धूर ओट्याखालून फिरवायची आणि थंडीत ड्रायव्हर लोक त्या ओट्यावर झोपायला भांडायचे. खाच मी कवेलूंच्या तुकड्यांनी झाकली, वरून लिंपली आणि शेवटचं भोक आमच्या बाजूला वळचणीखाली काढलं.

चुलीचं तोंड लहान केलं, मनगटाएवढी लाकडंच आत जातील असं. लाकूड जमिनीला टेकलं की गुदमरतं, म्हणून जुन्या सायकलच्या सळ्या आडव्या टाकल्या आणि खालून हवेला भोक ठेवलं. भांडं चुलीवर नुसतं ठेवायचं नाही, थोडं आत बसलं पाहिजे, बाजूनं बोटभर जाळ फिरेल एवढीच जागा. मागच्या वैलावर, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या तोंडावर, पाण्याचा गुंड. चुलीवरचा जाळ पुढे सरकून वैलावर जातो, वैलावरून भिंतीत शिरतो. एकाच जाळात भात होतो, वैलावर पाणी तापतं आणि राहिलेली ऊब भिंत घेते.

सासू सगळं बघत होती. "भट्टीवालीची पोर" असं एकदाही म्हणाली नाही. "एवढ्या लहान तोंडात काय जळन, उंदीर?" एवढंच म्हणाली.

पहिला जाळ केला तेव्हा खूप धूर झाला. ओली माती होती. दुसऱ्या दिवशी चूल ओढू लागली. फुकणी हातात घ्यावीच लागली नाही. आधी जेवढ्या सरपणात एक वेळ निघायची, त्यात आता दोन्ही वेळा निघू लागल्या. नवरा खूश झाला, कारण सरपणाला जंगलात कमी जावं लागणार होतं. भिंत का कोरली, हे त्यानं विचारलं नाही. त्याला कळलं असेल. पण विचारलं असतं तर हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं.

संध्याकाळी सासू भिंतीला तळवा लावून बसली होती. पलीकडून ठक ठक झालं.

"अवो."

"काय जी?"

"भिंत तापली वो."

"चुप रा. मोठी सून आयकन."

"कोनं तापवली?"

"चुप रा म्हनते ना. पाठ लावून झोपा."

तिकडे खाट कुरकुरली. सासरा भिंतीकडे सरकला. त्या संध्याकाळी तो कण्हला नाही. पुढे रोज असंच होऊ लागलं. भात झाला तरी सासू मला निखारे ओढू देत नसे, दोन लाकडं आणखी सारायला सांगायची. मग तो ठोकायचा, ती ठोकायची. कधी तो विचारायचा, "आज काय रांधलं?" ती सांगायची, "लाखोळीची दाळ." तो म्हणायचा, "वास येऊन रायला." ती म्हणायची, "वासानं पोट भरा." त्याला तिकडे दुपारचा थंड भात संध्याकाळी मिळायचा, हे तिला माहीत होतं. आयुष्यभर त्यानं तिच्याशी इतकं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. हे तिनंच मला सांगितलं, तेही हसत.

मग एक दिवस जेठानी आमच्या अंगणात आली. मी धान पाखडत होते. तिनं रांधायच्या खोलीत डोकावून चूल बघितली, भिंतीला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

"अरे बाप रे, कितनी गरम है! मी म्हनलं, बुढा भित्तीले चिपकून काऊन रायते. कोनं केली वो? तूनं?"

मी पदर ओढून घेतला.

"गुणाची आहेस. तोंड नाई, पन हात आहे तुले," ती म्हणाली आणि गेली. भांडली नाही. मला तेव्हाच भीती वाटली.

त्या संध्याकाळी सासूनं भिंतीवर ठोकलं तर पलीकडून उत्तर आलं नाही. "झोपला असन," ती म्हणाली. थोड्या वेळानं भिंतीतून बारीक आवाज आला. सासूनं कान लावला. बकरीची पिल्लं ओरडत होती.

जेठानीची बकरी व्याली होती. खाट तिनं बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीत, काढली आणि भिंतीजवळ तणस पसरून बकरी बांधली. सासूनं कुंपणातून विचारलं तर म्हणाली, "पिल्लं थंडीनं मरतीन. बुढा काय लहान पिल्लू आहे?"

सपरीला दोनच बाजूंनी भिंत. तिथून सासऱ्याचा आवाज आमच्याकडे येत नव्हता.

सासू आत येऊन म्हणाली, "विझव ते चूल. कच्चं धान खाईन, पन तिच्या बकरीले नाई शेकत मी."

"विझवली तर मामाजींना आत घेतलं तरी ऊब कुठून मिळेल?" मी म्हटलं. एवढं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

"मंग तू जा. मले पाहून तिचं तोंड सुटते. तुह्यासारख्या मुकीले काय म्हनन?"

मी गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले. जेठानी गॅसवर चहा करत होती. तिला मी का आले ते माहीत होतं, तरी तिनं मला बराच वेळ उभं ठेवलं. सपरीत सासरा पोत्यात गुंडाळून पडला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. पाय पोत्याबाहेर होते. मी वाकून ते झाकले. टाचा दगडासारख्या लागल्या.

"बाई," मी म्हटलं, "मामाजींना आत घ्या."

"बकरी कुठी बांधू? माह्या डोक्यावर?"

मी पोत्याची कड त्याच्या पायांखाली दुमडली.

"असं कर," ती म्हणाली. "तुह्या वैलावर पानी फुकट तापते. रोज सकाळी आमाले दोन गुंड गरम पानी आनून दे. माही बाहेरची चूल पेटवाले लागत नाई मंग. पिल्लं जराशी हुंदडली का बुढ्याले ठेवतो जाग्यावर."

"पंचांनी..."

"पानी काय रांधलेलं आहे?"

मी रोज सकाळी पाणी नेऊन देऊ लागले. डोक्यावर एक गुंड, परत येऊन दुसरा. नवरा म्हणाला, "नोकरीन झाली का तू त्यायची?" सासू म्हणाली, "नेऊ दे." जेठानी आंघोळ करायची, भासरा आंघोळ करायचा, भांडी गरम पाण्यानं निघायची. स्वयंपाक तिचा गॅसवर व्हायचा. अंगणातली तिची चूल थंड पडली, तिच्यात कोंबडी अंडी घालू लागली.

मी रोज विचारायची, "आज घेता का आत?"

"अजून लहान आहेत."

पिल्लं सपरीभर उड्या मारायची. सासऱ्याच्या खाटेवर चढून उतरायची. मी गुंडातलं थोडं पाणी त्याच्या पायावर ओतायला गेले तर जेठानी आतून म्हणाली, "वलं नोको करू त्याले."

एका सकाळी मी पाणी घेऊन गेले तेव्हा पिल्लू त्याच्या छातीवर बसलं होतं आणि तो त्याला हाकलत नव्हता. मी गुंड खाली ठेवला. जेठानी दात घासत होती. ती जवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "गया." मग म्हणाली, "पानी तेवढं आत ठेव."

माणूस गेला की घरातल्या चुलीचा विस्तव मडक्यात घालून पुढे न्यावा लागतो. चिता त्याच विस्तवानं पेटवतात. ज्या घरात माणूस मेला त्याच घरची आग पाहिजे. लोक जमले, बांबू बांधून झाले, मडकं आलं. भासरा मडकं घेऊन अंगणातल्या चुलीकडे गेला. तिथं कोंबडी बसली होती. माझ्या पाण्यामुळे कितीतरी दिवसांत तिच्यात राखही नवी पडली नव्हती. एक म्हातारा म्हणाला, "गॅसवर पेटवून घे, आग ते आग." दुसरा म्हणाला, "शेगडीची आग चालते का? चुलीची पाहिजे." लोक एकमेकांकडे बघून कुजबुजू लागले. शेवटी भासरा रिकामं मडकं घेऊन आमच्या दारात आला.

मी पदर ओढून बाजूला झाले. सासू चुलीसमोर बसली होती. रडली नव्हती.

"माय, विस्तव दे," तो म्हणाला.

"कायले?"

"माय..."

"जिता होता तवा भित्तीतून देत होतो. तुह्या घरच्यायनं बकरीले देला. आता कायले पाहिजे?"

बाहेर सगळे ऐकत होते. माझा नवरा आत येऊन म्हणाला, "दे ना, लोकं खोळंबले." सासूनं चिमटा उचलला. एकेक निखारा काढून मडक्यात टाकत गेली. मडकं भरलं तरी ती थांबेना. चुलीतले संपले तसे वैलाखालचे ओढले. भासऱ्याचे हात भाजू लागले, पण त्याला मडकं सोडता येईना.

"ने," ती म्हणाली. "आता गरम होऊ दे त्याले पोटभर."

तेरवी झाली. बांधीचं काय, हे पंचांनी तेव्हाच काढलं. बांधीत जेठानीनं लाखोळी टाकलेली होती, म्हणून पीक निघेपर्यंत ती तिच्याकडेच राहावी असं ठरलं. नवरा भांडला, मग जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सासूनं स्वतः माती कालवली. मी म्हटलं, "आत्याबाई, मी करते." तिनं मला कोपरानं सरकवलं. वैलामागचं भिंतीत जाणारं तोंड तिनं गच्च लिंपून बंद केलं, वर दगड बसवला, त्यावर परत माती. मी सांगितलं की असं केलं तर चूल ओढणार नाही, धूर घरात फिरेल, सरपणही पूर्वीसारखं लागेल. दुसरीकडून, आपल्याच बाजूच्या भिंतीतून, वाट काढून देते, तुमच्या खाटेलाही ऊब लागेल.

"मले नोको ऊब," ती म्हणाली.

आता चूल धुमसते. मी फुकणीनं फुंकत बसते, डोळे चुरचुरतात. नवरा सरपणावरून रोज कुरकुर करतो. सासू धुरात बसून खोकते आणि भिंतीला तळवा लावून बघते, थंड आहे ना म्हणून.

पाणी नेणं मी बंद केलं. त्याच सुमाराला जेठानीची दुसरी बकरी व्याली. एका सकाळी ती कुंपणाशी आली.

"काऊन वो, भिंत थंडी काऊन पडली? पिल्लं कुडकुडून रायली माही."

मी काही म्हणण्याआधी सासू उठून कुंपणाजवळ गेली.

"बुढ्याची बांधी आहे ना तुह्याजवळ? ते पांघरून दे त्यायले."

जेठानी तिला हिंदीत काहीबाही बोलली. सासू ऐकून घेत उभी राहिली, सगळं झाल्यावर आत आली आणि पाटावर बसली.

दोनेक दिवसांनी जेठानीनं मेलेलं पिल्लू आमच्या कुंपणाजवळच्या उकिरड्यावर आणून टाकलं. चांगलं पांढरं होतं, कपाळावर काळा ठिपका. मी ताटं घेत होते. सासूनं दारातून ते बघितलं.

"एक गेलं," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "वाढ. भात थंडा होऊन रायला."